कुलूप लागलेली दारं आणि अमेरिकेचे पोल

त्रिमूर्तीनगरच्या एका निवृत्त शिक्षकांनी प्रश्न पाठवला आहे. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत असतो. 2024 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी तो रोज सकाळी पोलचे, म्हणजे मतदारांच्या कल-चाचण्यांचे, आकडे पाठवायचा. कधी कमला हॅरिस एका टक्क्याने पुढे, कधी डोनाल्ड ट्रम्प. निकाल लागला तेव्हा चुरशीची मानलेली सातही राज्यं ट्रम्प यांच्याकडे गेली. सर विचारतात, "मग हे पोल खोटे होते का? आणि लढत अटीतटीची असली की त्यांचा उपयोग तरी काय?"

सर, थेट उत्तर देते. ते खोटे नव्हते. लढत अटीतटीची आहे एवढंच ते सांगत होते, आणि तेवढं त्यांनी बरोबर सांगितलं. शेवटच्या दिवसांतली देशभरच्या पोलची सरासरी हॅरिस यांना साधारण एका टक्क्याची आघाडी देत होती आणि प्रत्यक्षात ट्रम्प दीड टक्क्याने जिंकले. म्हणजे चूक अडीच टक्क्यांच्या आसपास. आमच्या सर्वेच्या धंद्यात ही चूक मोठी मानत नाहीत. पण आघाडीच जेव्हा एका टक्क्याची असते, तेव्हा अडीच टक्क्यांची चूक विजेता बदलून टाकते. दोन-तीन टक्क्यांच्या आतल्या लढतीत कोण जिंकणार हे सांगायची ताकद पोलमध्ये नसते. आज नाही, आणि फोन-कॉम्प्युटर कितीही सुधारले तरी उद्याही येईल असं मला वाटत नाही. का, ते सविस्तर सांगते, कारण लोक पोलमध्ये चूक भलत्याच ठिकाणी शोधतात.

सगळे आधी नमुन्याच्या आकाराकडे बोट दाखवतात. "सोळा-सतरा कोटी मतदार असतात आणि हे हजार लोकांना विचारतात!" हजार लोक खरं तर पुरतात. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, ती खोटी ठरत नाही. भांडं लहान की मोठं याने फरक पडत नाही, शीत कुठून काढलं याने पडतो. हजारांचा नमुना नीट चिठ्ठ्या टाकून काढला तर प्रत्येक उमेदवाराच्या टक्केवारीत सुमारे तीन टक्के वर-खाली धरायचं. बातमीच्या तळाशी बारीक अक्षरात जे मार्जिन ऑफ एरर लिहितात, ते हेच.

आता यातलं एक बारकं गणित बातमीवाले बहुतेक वेळा गाळतात. ती तीन टक्क्यांची मर्यादा एका उमेदवाराच्या आकड्याला लागू होते, दोघांमधल्या फरकाला नाही. एकाला 49 आणि दुसऱ्याला 47 टक्के दाखवले, तर फरक दोनचा दिसतो. पण त्या फरकावरची मर्यादा जवळपास दुप्पट, म्हणजे सहा टक्के असते. कारण एकाचं मत वाढतं तेव्हा बहुधा दुसऱ्याचं कमी होतं. त्या पोलचा खरा अर्थ असा निघतो की पहिला आठने पुढे असू शकतो किंवा चारने मागे. एवढ्या ऐवजावर "आघाडी घेतली" असा मथळा देणं मला पटत नाही.

तरी हा सगळा हिशेब कागदावरचा झाला. भात सगळीकडे सारखा शिजला असेल आणि शीत कुठूनही काढता येत असेल, तरच तो चालतो. मतदार तसा शिजत नाही. शिवाय काही शितं हाताला लागतच नाहीत.

मी नागपुरात सर्वेच्या कामाला लागले त्याला 26 वर्षं झाली. पहिली नऊ वर्षं दारोदार फिरले. बेसा, मानेवाडा, नंदनवन, जरीपटका, मोमिनपुरा, महाल. मतदारयादीतून काढलेल्या नावांचे फॉर्म घेऊन. एप्रिलमधली दुपारची अडीचची वेळ, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, बाटलीतलं पाणी चहासारखं गरम झालेलं. यादीत नाव घरातल्या बाईचं असायचं. दार उघडायचे तिचे यजमान. "हिले काय विचारता? मीच सांगतो ना सगळ्यांचं." ती मागे स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी. मी म्हणायचे, "भाऊ, नाव ताईंचं निघालं आहे, त्यांनाच विचारावं लागेल." कधी ते बाजूला व्हायचे, कधी दार लागायचं. आणि जिथे ती बोलायची, तिथे पहिला प्रश्न तिचाच असायचा: "बाई, तुम्ही कोनाकडून आल्या?" मी अमुक पक्षाची नाही हे पटेपर्यंत पाच मिनिटं जायची. तोंडी सांगायला संकोच असतो म्हणून आम्ही चिन्हं छापलेला कागद द्यायचो; त्यावर शिक्का मारून घडी घालून डब्यात टाकायचा. तोंडी उत्तर आणि डब्यातला कागद यांत फरक पडायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण त्याहून मोठा धडा मला एका प्रभागाच्या सर्वेने दिला. काम घाईचं होतं. देणाऱ्यांना चार दिवसांत आकडे हवे होते. आम्ही सकाळी अकरा ते दुपारी चार फिरलो. जिथे कुलूप होतं तिथे शेजारचं घर घेतलं. शेजारचं घर घेणं नियमात बसत नाही. त्या घरी संध्याकाळी पुन्हा जायचं असतं. निकाल आमच्या अंदाजाच्या उलटा लागला. मी फॉर्म पुन्हा काढून बसले. कुलूप लागलेली घरं कोणाची होती? हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत जाणाऱ्यांची. नवरा-बायको दोघं कामावर, मुलं आजीकडे. आमचा नमुना घरी असणाऱ्यांचा झाला होता आणि घरी नसणाऱ्यांचं मत वेगळं होतं. त्या दिवसापासून मी कुठल्याही सर्वेत आधी उत्तरांचा रकाना बघत नाही. "कुलूप", "नकार" आणि "पुन्हा भेट" हे तीन रकाने बघते.

अमेरिकेत ही कुलपं फोनला लागली आहेत. प्यू रिसर्च सेंटर ही तिथली मातब्बर संस्था. तिच्या फोन-सर्वेला 1997 मध्ये 36 टक्के लोक उत्तर देत होते. 2012 मध्ये ते प्रमाण 9 टक्क्यांवर आलं आणि 2018 मध्ये 6 टक्क्यांवर. शंभर नंबर फिरवले तर चौऱ्याण्णव जणांचं मत कळतच नाही.

याचा परिणाम एका साध्या उदाहरणाने दाखवते. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. लढत अगदी बरोबरीची आहे असं धरा. दहा हजार फोन केले, त्यात पाच हजार एका बाजूचे आणि पाच हजार दुसऱ्या बाजूचे. पहिल्या बाजूचे लोक शंभरातले 6 बोलतात, दुसऱ्या बाजूचे 5. हातात येतात 300 आणि 250. टक्केवारी काढा: साडेचोपन्न विरुद्ध साडेपंचेचाळीस. प्रत्यक्षात बरोबरी, पोलमध्ये नऊ टक्क्यांची आघाडी! आणि हे कशामुळे, तर शंभरात फक्त एक माणूस कमी बोलला म्हणून. आता कोणी म्हणेल नमुना वाढवा. लाखभर फोन करा. 3000 आणि 2500 येतील. नऊ टक्के जागचे हलणार नाहीत. मार्जिन ऑफ एरर मात्र बारीक होत जाईल आणि चुकीचा आकडा अधिक खात्रीचा वाटू लागेल.

हे 1936 मध्येच घडून गेलं आहे. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना टपालाने मतपत्रिका पाठवल्या. तेवीस लाखांच्या आसपास परत आल्या. त्यांच्या जोरावर त्यांनी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले आल्फ्रेड लँडन जिंकणार असं सांगितलं. आधीच्या पाच निवडणुकांत त्यांचा अंदाज बरोबर आला होता, म्हणून लोकांचा विश्वासही होता. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्यं घेतली. नावं काढली होती मोटार-नोंदणी आणि टेलिफोनच्या याद्यांतून, तीही मंदीच्या काळात, जेव्हा मोटार आणि फोन खात्यापित्या घरातच असायचे. त्यातही रूझवेल्टवर चिडलेल्यांनी मतपत्रिका भरून धाडण्याची तसदी जास्त घेतली. जॉर्ज गॅलप या सर्वेवाल्यांनी त्याच वेळी सुमारे पन्नास हजारांच्या नमुन्यावर रूझवेल्ट जिंकणार असं सांगितलं. गॅलपचाही आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी होता, पण विजेता बरोबर निघाला आणि नाव झालं. पुढे 1948 मध्ये गॅलपसह सगळ्यांनी थॉमस ड्युई जिंकणार म्हणून सांगितलं, मतदानाच्या काही आठवडे आधीच विचारणं थांबवलं, आणि हॅरी ट्रुमन निवडून आले.

मग न बोलणाऱ्यांची भरपाई कशी करतात? वजन देऊन. नमुन्यात तरुण कमी आले तर प्रत्येक तरुणाचं उत्तर दीड-दोन माणसांचं धरतात. पदवीधर जास्त आले तर त्यांचं वजन उतरवतात. 2016 मध्ये राज्याराज्यांतल्या अनेक पोलनी शिक्षणाचं वजन दिलंच नव्हतं. पदवीधर फोनवर जास्त बोलतात आणि त्या वर्षी पदवीधर हिलरी क्लिंटन यांच्याकडे झुकले होते. विस्कॉन्सिनमध्ये सरासरी क्लिंटन यांना सहा-साडेसहा टक्क्यांनी पुढे दाखवत होती. ट्रम्प तिथे एका टक्क्याच्याही आत, 22,748 मतांनी जिंकले. बरेच मतदार शेवटच्या आठवड्यात ठरवणारे होते आणि तेही ट्रम्प यांच्याकडे गेले. ते मत आधी विचारून कळणारंच नव्हतं.

वजन देण्यात सर्वेवाल्याचा हात किती चालतो, याचा एक प्रयोग 2016 च्या सप्टेंबरमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने केला. फ्लोरिडातल्या 867 मतदारांची तीच कच्ची उत्तरं चार वेगवेगळ्या नामांकित पोलवाल्यांना दिली. लोक तेच, उत्तरं तीच. एकाने क्लिंटन चारने पुढे काढल्या, एकाने तीनने, एकाने एकने आणि एकाने ट्रम्प एकने पुढे. कोणीही लबाडी केली नव्हती. मतदानाला कोण येणार आणि कोणाला किती वजन द्यायचं, एवढ्या दोन निर्णयांनी पाच टक्क्यांचं अंतर पडलं. हे पाच टक्के कुठल्याच मार्जिन ऑफ एररमध्ये धरलेले नसतात.

त्याच वर्षीचं दुसरं उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी देते. 'लॉस एंजेलिस टाइम्स' आणि तिथल्या एका विद्यापीठाचा मिळून एक पोल होता, सुमारे तीन हजार लोकांचा. त्यात इलिनॉयमधल्या एका कृष्णवर्णीय तरुणाला सरासरी माणसाच्या तीसपट वजन मिळालं होतं, कारण त्याच्यासारखे फार थोडे नमुन्यात होते. तो ट्रम्प यांच्या बाजूचा होता. तो उत्तर द्यायचा तेव्हा ट्रम्प यांचा आकडा वर जायचा, एखाद्या आठवड्यात त्याने उत्तर दिलं नाही की खाली यायचा. त्या पोलने शेवटी देशभरात ट्रम्प तीन टक्क्यांनी पुढे दाखवले. निकालानंतर त्याचं कौतुक झालं, "यांनीच खरं सांगितलं" म्हणून. पण देशभरच्या मतांत क्लिंटन दोन टक्क्यांनी पुढे होत्या. ट्रम्प जिंकले ते राज्यांच्या गणितावर. म्हणजे तो पोल पाच टक्क्यांनी चुकला होता आणि तरी शाबासकी घेऊन गेला. विजेता बरोबर निघाला म्हणून पोल चांगला आणि चुकला म्हणून वाईट, हे मोजमाप मला मान्य नाही ते म्हणूनच.

राज्यांच्या गणिताचं म्हणाल तर ते आपल्याला परकं नाही. अमेरिकेत राज्याराज्यांत वाटलेली 538 इलेक्टोरल मतं असतात, त्यांवरच अध्यक्ष ठरतो; 270 मिळाली की अध्यक्ष. बहुतेक राज्यांत एका मताने पुढे असणाऱ्याला त्या राज्याची सगळी मतं. 2000 साली अल गोर देशात पाच लाखांहून जास्त मतांनी पुढे होते आणि फ्लोरिडातल्या 537 मतांवर जॉर्ज बुश अध्यक्ष झाले. आपल्या महाराष्ट्रात 2024 च्या लोकसभेला दोन्ही आघाड्यांच्या मतांत एका टक्क्याचंही अंतर नव्हतं. जागा मात्र 30 आणि 17 अशा पडल्या. मतं बरोबरीची आणि जागा जवळपास दुप्पट. सहा महिन्यांत विधानसभेला चित्र उलटलं आणि महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांना मिळून 230 जागा मिळाल्या. मतांतला लहान फरक जागांत मोठा होतो हे आपण स्वतः पाहिलं आहे, म्हणून सातही राज्यं एकाच बाजूला गेल्याचं मला नवल वाटलं नाही.

सात राज्यं म्हणजे सात वेगवेगळ्या नाणेफेकी नाहीत. विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया इथे एकसारखे कारखाने, एकसारखी गावं आणि एकसारखे मतदार आहेत. एका राज्यात पदवी नसलेला कामगार फोन उचलत नसेल, तर शेजारच्या राज्यातही तो उचलत नाही. सगळे पोल एकाच दिशेने चुकतात. हे आमच्याकडेही होतं: नंदनवनमध्ये दुपारी कुलूप असेल तर वाठोड्यातही असतं. 2024 मध्ये पेनसिल्व्हेनियात फरक साधारण पावणेदोन टक्क्यांचा राहिला आणि विस्कॉन्सिनमध्ये एका टक्क्याच्या आत. दोन-तीन टक्क्यांची एकच झुळूक सगळ्या राज्यांवरून गेली आणि हॅरिस यांचे सातही दिवे विझले.

आता तुमच्या मनात आलेलं असेल: 2016, 2020 आणि 2024, तिन्ही वेळा पोलनी ट्रम्प यांना कमी लेखलं, मग पुढच्या वेळी त्यांच्या पक्षाला तीन टक्के वाढवून धरावे का? हे करू नका. 2020 मध्ये शिक्षणाचं वजन दिलेलं होतं, तरी देशभरच्या पोलची चूक चाळीस वर्षांत सर्वांत मोठी निघाली. म्हणजे जुन्या चुकीचं औषध नव्या चुकीला लागू पडलं नाही. आणि 2012 मध्ये उलटं झालं होतं: सरासरी बराक ओबामांना जेमतेम पुढे दाखवत होती, गॅलप यांच्या संस्थेने तर त्यांचे प्रतिस्पर्धी मिट रॉमनींना एकने पुढे ठेवलं होतं, आणि ओबामा जवळपास चार टक्क्यांनी जिंकले. चूक होणार हे सांगता येतं, कोणत्या बाजूला होणार हे आधी सांगता येत नाही.

लोक खोटं बोलतात म्हणून पोल चुकतात, असंही बरेच जण म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. तोंडावर खोटं बोलणारे थोडे असतात; तोंडच न दाखवणारे फार. अमेरिकेतल्या चौकश्यांतही लाजून खोटं बोलणाऱ्या ट्रम्प-मतदाराचा ठोस पुरावा सापडला नाही.

ज्याची मला मनापासून चीड येते ती गोष्ट वेगळी आहे: कळपाबरोबर चालणं. 2024 च्या शेवटच्या पंधरवड्यात चुरशीच्या राज्यांतले पोल पाहा. एकामागून एक बरोबरी, एकची आघाडी, पुन्हा बरोबरी. हे गणितात बसत नाही. खरी लढत अगदी बरोबरीची असली तरी आठशे लोकांच्या पोलमध्ये तीनातला एक पोल साडेतीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक दाखवायला हवा, कधी इकडे, कधी तिकडे. तसे पोल दिसत नसतील तर आकडा वेगळा आला म्हणून कोणीतरी तो दाबतोय किंवा वजनं फिरवून मध्यावर आणतोय. सगळ्यांनी एकमेकांकडे बघून उत्तरपत्रिका लिहिली की दहा पोलचा पुरावा एका पोलएवढाच उरतो.

म्हणून अ‍ॅन सेल्झर या पोल घेणाऱ्या बाईंबद्दल मला आदर आहे. आयोवा राज्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. 2016 आणि 2020 मध्ये बाकीचे आयोवात लढत जवळची सांगत असताना त्यांनी ट्रम्प सातने पुढे दाखवले आणि ते बरोबर ठरलं. 2024 च्या 2 नोव्हेंबरला त्यांनी हॅरिस तीनने पुढे असल्याचं छापलं. ट्रम्प तिथे 13 टक्क्यांनी जिंकले. सोळा टक्क्यांची चूक. त्यांच्यावर फार घाणेरडी टीका झाली. पण हाती आलेला आकडा त्यांनी लपवला नाही, आणि तो लपवायचा नाही हा आमच्या कामाचा पाया आहे. चूक त्या एका पोलवर राज्याचा आणि देशाचा अंदाज बांधणाऱ्यांची जास्त होती.

तर सर, पुढच्या वेळी 2028 मध्ये मुलगा आकडे पाठवेल तेव्हा मी काय करीन ते सांगते. एकटा पोल मी वाचणार नाही, सरासरी वाचीन. देशभरचा आकडा बाजूला ठेवून राज्यांचा पाहीन. सरासरीतली आघाडी तीन टक्क्यांच्या आत असेल तर आघाडी कोणाचीच नाही असं समजेन. राज्यांच्या पोलमध्ये शेवटच्या आठवड्यांतही चार-पाच टक्क्यांची चूक नेहमीची आहे. एकाच संस्थेचा मागच्या महिन्याचा आणि या महिन्याचा आकडा शेजारी ठेवीन, कारण तिची चूक दोन्ही वेळा सारखी असण्याचा संभव असतो आणि वारं कुठे वळतंय ते त्यात दिसतं. दोन वेगळ्या संस्थांचे आकडे जोडून "घसरण" काढणार नाही. पोल कोणी पैसे देऊन करवला ते बघीन. पक्षाने करवलेला पोल बाहेर येतो तो पक्षाच्या सोयीचा असेल तेव्हाच.

जिंकण्याची शक्यता टक्क्यांत देणारे असतात, त्यांच्याबाबतही सांभाळून. 2016 मध्ये नेट सिल्व्हर यांच्या फाइव्हथर्टीएट या निवडणूक-अंदाजाच्या संकेतस्थळाने ट्रम्प यांना 29 टक्के शक्यता दिली होती, इतर काहींनी दोन टक्क्यांहूनही कमी. लोकांनी दोन्ही आकडे "हरणार" असेच वाचले. दोन टक्के म्हणणाऱ्यांनी सगळी राज्यं एकत्र चुकू शकतात हे नीट धरलंच नव्हतं. 29 टक्के म्हणणाऱ्याने धरलं होतं. दहात तीनदा होणारी गोष्ट आपल्या आयुष्यात दर आठवड्याला होते.

पोलचा खरा उपयोग दुसरीकडे आहे आणि तो कोणी करत नाही. कोणत्या वयाचे, कोणत्या भागातले मतदार कुठे सरकत आहेत, महागाई की स्थलांतर, कशावर मत पडतंय, हे चांगला पोल चार-पाच टक्क्यांच्या चुकीसकट उत्तम सांगतो. 2024 मध्ये हिस्पॅनिक मतदार ट्रम्प यांच्याकडे सरकत असल्याचं पोलमध्ये महिनोन्‌महिने दिसत होतं. ते खरं निघालं. पण मथळा होता एका टक्क्याच्या आघाडीचा.

मुलाला एवढं सांगा: पुढच्या वेळी किती जणांना विचारलं हा आकडा पाठवशील, तर त्याच्या शेजारी किती जणांना फोन लावला होता तोही शोधून पाठव. चांगल्या संस्था तो शेवटच्या पानावर देतात. सापडला तर मला कळवा, आपण दोघं बसून वाचू. मी शनिवारी संध्याकाळी सहानंतर घरी असते.